तुम्ही विचारलंत म्हणून: हार्ड डिस्क एक, कॉम्प्युटर तीन

"भाऊ, डिस्क कशात फॉरमॅट करू?" लग्नसराई आली की घाटंजीकडच्या आमच्या दुकानात हा प्रश्न ठरलेला. शूटिंगवाल्याकडे विंडोज, गुरुजींच्या लॅपटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्स, आणि एडिटिंग करणारा भाचा नागपुरात मॅकवर. डिस्क एकच, अन् ती तिघांकडेही वाचता-लिहिता आली पाहिजे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: एक्सफॅट करा. एक्सफॅट, फॅट३२, एनटीएफएस, एक्स्ट४ ही डिस्कवर फाईली मांडून ठेवायच्या पद्धतींची नावं. आधी आतला डेटा दुसरीकडे काढून घ्या, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

फॅट३२ कुठेही चालतं, पण त्यात ४ जीबीची एक फाईलही मावत नाही. डिस्क अर्धी रिकामी असते, तरी लग्नाचा व्हिडिओ जात नाही, आणि माणूस डिस्क बिघडली म्हणून घेऊन येतो. विंडोजचं एनटीएफएस मॅकला वाचता येतं, त्यावर लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सचं एक्स्ट४ विंडोजला ओळखूच येत नाही, ते सरळ 'फॉरमॅट करायची का?' म्हणून विचारतं. तिथे घाईत 'होय' दाबू नका, हात जोडून सांगतो.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने 2006 मध्ये आणलं. 2019 मध्ये त्याचा तपशील खुला झाला आणि ते लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आलं. गुरुजींच्या जुन्या उबंटूत मात्र एक्सफॅट-फ्यूज नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागलं.

आता आपल्याकडची खरी अडचण: लाईन. एनटीएफएस आणि एक्स्ट४ जर्नल ठेवतात, म्हणजे डिस्कच्या मांडणीत काय बदल करायचा ते आधी वहीत टिपतात. मध्येच लाईन गेली, तर ती वही पाहून मांडणी परत जुळवतात. अर्धी कॉपी झालेली फाईल जाईल, पण बाकीचं शाबूत राहण्याची आशा असते. एक्सफॅटकडे ही वहीच नाही. एका रात्री हळदीचं शूटिंग कॉपी होत असताना लाईन गेली. इन्व्हर्टर नव्हता. सकाळी डिस्क लावली तर फोल्डर होतं, आत काहीच नाही, शेजारची दोन जुनी फोल्डरंही उघडेनात. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलं नव्हतं म्हणून हळद वाचली. ती जुनी दोन लग्नं मात्र गेली, आणि त्या घरच्यांना ते सांगायला मीच गेलो होतो.

तेव्हापासून एक्सफॅटची डिस्क मी फक्त ने-आण करायला वापरतो. मूळ प्रत कॉम्प्युटरमधल्या एनटीएफएसवर राहते. 'इजेक्ट' केल्याशिवाय वायर काढत नाही, आणि दोन्ही प्रती उघडून शेवटपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.