झरोक्याला लावलेला पुठ्ठा

मागच्या डिसेंबरात लेक आंघोळीला गेली आणि पाणी वाहतच राहिलं. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारच्या काकांनी दार फोडलं, तेव्हा ती फरशीवर बेशुद्ध पडली होती. तिला ओढतच हॉलमध्ये आणलं, खिडक्या उघडल्या. काही मिनिटांनी तिने डोळे उघडले.

आठवडाभर ती म्हणत होती, आंघोळ झाली की डोकं दुखतं, मळमळतं. मी पित्त समजून आवळासुपारी देत होते. ते मला अजून टोचतं.

कोणीतरी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८! तो आकडा पाहून आम्ही जवळजवळ घरीच थांबणार होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का?" रक्त तपासलं आणि कार्बन मोनॉक्साइडच निघाला. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो, आणि बोटावरचं साधं यंत्र अशा रक्तालाही ऑक्सिजन भरलेलं रक्तच समजतं. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला की साधारण तास-सव्वा तास. संध्याकाळपर्यंत लेक बोलायला लागली.

सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती कळते. ह्याला ना वास, ना रंग. कोंदट जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि हा तयार होतो. आणि थंडी लागते म्हणून बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा मीच लावला होता.

गिझर ड्राय बाल्कनीत हलवायला एक दिवस लागला. "ताई, सगळ्यांकडे आतच असतो," प्लंबर म्हणाला. ते वाक्य डोक्यातून जाईना. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलले, पण पार्किंगच्या वादात ते विरून गेलं. मग घरोघरी गेले. चोवीस फ्लॅटपैकी अकरा जणांकडे गिझर बाथरूममध्येच, चौघांचे झरोके बंद. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अगं, आमच्या बंबाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, कळायचं तरी." त्यांचा झरोका आम्ही दोघींनी मिळून मोकळा केला. एकट्याच राहतात, म्हणून आंघोळीच्या वेळी आतून कडी लावू नका, असंही कबूल करून घेतलं.

नऊ गिझर बाहेर आले. उरलेल्या दोन घरी रविवारी पुन्हा जाणार आहे, लेकीला बरोबर घेऊन.