सोडा ब्रेड : पाव क्रमांक ११

काल अकरावा पाव झाला, आणि पहिल्यांदाच सासूबाईंनी काही न बोलता दुसरा तुकडा कापून घेतला.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: आम्ही आयर्लंडमध्ये, वेस्ट कॉर्कला राहतो, आणि मी आजेसासूबाईंच्या हातचा ब्राउन सोडा ब्रेड जमवायच्या मागे लागले आहे. यीस्ट नाही, पीठ फुगत ठेवणं नाही. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक, बास. (मनुका घातलेला तो 'स्पॉटेड डॉग', त्याच्या वाटेला मी अजून गेलेली नाही.) कृती वहीत चार ओळींची. पीठ 'निळ्या वाडग्याने', आणि तो वाडगा कधीच फुटला. सोडा 'हाफ क्राउनवर राहील इतका'. ताक किती, ते लिहिलेलंच नाही.

हाफ क्राउन हे १९७१ च्या दशमान नाण्यांआधीचं, घोड्याचं चित्र असलेलं, सव्वातीन सेंटिमीटर रुंद नाणं. सासूबाईंच्या खणात एक निघालं. त्यावर सोड्याचा ढीग केला, काट्यावर ठेवला: ३.६ ग्रॅम. आणि मी इतके दिवस शीग लावून चमचा घालत होते! पावात हिरवट-पिवळे डाग आणि जिभेवर साबण का येत होता, ते कळलं. आता सोडा चाळूनच घालते, कारण गुठळी राहिली तर नेमका तिथेच डाग पडतो.

पण खरा घोटाळा माझ्या हातात होता. आपला हात पोळ्यांचा. ओलं पीठ समोर आलं की तो आपोआप मळायला लागतो. इथे मळलं की संपलं. ताक पिठाला लागताक्षणी सोड्याशी त्याची क्रिया सुरू होते, वायू सुटतो, आणि आपण मळत बसलो की तो वायू भट्टीत जाण्याआधीच निघून जातो. वर पीठ चिवट होतं ते वेगळंच. आयर्लंडच्या दमट हवेतला गहू मऊ, ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी. यीस्टच्या पावाला तो तितका धार्जिणा नाही, सोड्याला मात्र फर्मास. दहाव्या पावाच्या वेळी सासूबाईंनी माझं मनगटच धरलं. "गोळा कर, मळू नकोस." बोटं पंज्यासारखी ताठ ठेवायची, वाडग्यात गोल फिरवायची, जेमतेम एकत्र आलं की थांबायचं. थालीपिठाच्या पिठाहून सैल आणि चिकट. बघून वाटतं, हे काही होणार नाही. होतं.

कालचं माप: जाडसर होलमील (कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ) ३०० ग्रॅम, पांढरं पीठ १५० ग्रॅम, मीठ एक सपाट चमचा, ताक ३८० मिलि. चार सेंटिमीटर उंच गोल थापला, वर खोल फुली मारली. फुलीतून पऱ्या बाहेर पडतात असं इथे सांगतात. माझ्या मते मधल्या जाड भागाला आच पोचते, एवढंच. २३० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर ३०. पालथा करून बुडावर टिचकी मारली, पोकळ आवाज आला. लगेच फडक्यात गुंडाळला, नाहीतर कवच दगड होतं.

भारतात करून बघणाऱ्यांसाठी: लोणी काढल्यावरचं, जरा आंबट ताक घ्या. आपली गिरणीची कणीक पाणी खूप पिते, म्हणून निम्मा मैदा घाला आणि ताक हळूहळू वाढवा.

एक तक्रार आहेच. कवच हवं तितकं खरपूस नाही. आजेसासूबाई बास्टिबलमध्ये भाजायच्या, म्हणजे विस्तवावरचं बिडाचं भांडं, झाकणावरही पेटलेल्या टर्फचे (दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीचे) निखारे. टर्फ जाळायची सोय माझ्याकडे नाही, पण झाकणाचं बिडाचं पातेलं आहे. बारावा पाव शनिवारी त्यात.