तुम्ही विचारलंत म्हणून: जज्ज झाल्यावर आपल्या माणसांकडे बघणार का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर कोर्टाच्या आवारात पक्षकार हे विचारतात, गावी गेलं की भावकी विचारते. मी वकिली करते आणि कर्नाटकच्या दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेला बसतेय, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. "ताई, तुम्ही आपल्या मराठी. खुर्चीत बसलात की आपल्या लोकांकडे बघाल ना?" कन्नड वकील मित्रही तेच विचारतात, जरा आडून.

निकाल मराठी की कन्नड बघून लागणार नाही. मला लक्ष घालायचंय ते त्याच्या कितीतरी आधी: साक्षीदार जे बोलला तेच कागदावर उतरलं का?

माझी शाळा मराठी, वकिलीचं शिक्षण बेळगावात, कन्नड भाषा मात्र कोर्टात वावरून पक्की झाली. मुख्य परीक्षेत इंग्रजी-कन्नड भाषांतराचा वेगळा पेपर असतो. आमच्याकडची काही मुलं त्यावर नाराज असतात. मला तो हवाच वाटतो. कोर्ट ज्या भाषेत चालतं ती न्यायाधीशाला यायलाच पाहिजे.

जांबोटी भागातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा वाटणीचा दावा मी पाहिला. बाई मराठीत बोलत होत्या, जबानी कन्नडमध्ये टाइप होत होती. सही घ्यायच्या आधी न्यायाधीशांनी सगळं थांबवलं आणि जबानी त्यांना मराठीत वाचून दाखवायला लावली. बाई दोन्ही हातांनी कठडा धरून ऐकत होत्या. भाऊ-भाऊ नवरा हयात असताना वेगळे झाले, असं वाचलं गेलं आणि त्या म्हणाल्या, "न्हाई साहेब, आमचं मालक गेल्यावर. मला कुणी इचारलं बी न्हाई."

अख्खा दावा त्या ओळीवर उभा होता. नवरा स्वतःच हिस्सा घेऊन वेगळा झाला असता, तर बाईंना मागायला फारसं काही उरलं नसतं. दुरुस्ती झाली, मगच अंगठा.

हे काही उपकार नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 6 मध्ये तसं लिहिलेलंच आहे. फौजदारीच्या जुन्या संहितेत कलम 278 होतं, नव्या संहितेतही ती तरतूद आहे. पण बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मोठा असला की 'वाचून दाखवली, बरोबर आहे' ही ओळ नुसतीच छापली जाते. पुढे अपील होत होत प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेलं, तर तिथे बाई कुणाला दिसत नाहीत. फक्त तो कागद दिसतो.

सीमाप्रश्नाबद्दलही विचारतात. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निर्णय तिथेच होईल. तालुक्याच्या कोर्टात लोक बांध, वहिवाट आणि वाटण्या घेऊन येतात.

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. बरीच मुलं हिरमुसली. मी त्या निर्णयाच्या बाजूची आहे. कणकुंबीचा माणूस भर पावसात बस धरून येतो, मजुरी बुडवतो आणि नुसती पुढची तारीख घेऊन परत जातो. हे क्लासमध्ये बसून कळत नाही.

राहिला भावकीचा प्रश्न. आमच्या गावचा, आमच्या नात्यातला दावा माझ्यापुढे आला, तर मी तो चालवणार नाही. दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करा, असं जिल्हा न्यायाधीशांना कळवेन. काही जणांना हे आवडलेलं नाही, तरी आत्ताच सांगून ठेवते.