तुम्ही विचारलंत म्हणून: जॅक लेस्लीला खरंच रंगामुळे वगळलं का?

आमच्याकडे इंग्लंडमधल्या प्लिमथला पाहुणे आले की समुद्र आणि लालपांढरं दीपगृह दाखवून झाल्यावर मी त्यांना होम पार्कला नेतो. प्लिमथ आर्गाइल या फुटबॉल क्लबचं मैदान. सामना असो वा नसो, बाहेर आर्गाइलचा जुना खेळाडू जॅक लेस्लीचा ब्राँझचा पुतळा आहे. त्याच्यापुढे उभं राहून मी गोष्ट सांगतो: 1925 मध्ये इंग्लंडच्या चमूत याचं नाव आलं, मग हा कृष्णवर्णीय आहे हे लंडनला कळलं आणि नाव गळालं. गोष्ट संपली की कोणी ना कोणी विचारतंच. गेल्या उन्हाळ्यात मामांनी विचारलं, "पण रंगामुळेच काढलं कशावरून? तिसऱ्या डिव्हिजनचा खेळाडू. नसेल तेवढा चांगला."

मामा कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे फुटबॉलबद्दल त्यांनी काही विचारलं की उडवून लावता येत नाही.

आधी तिसऱ्या डिव्हिजनचं सांगतो. त्या काळी तिच्या दक्षिण विभागातून वर्षाला एकच संघ वरच्या डिव्हिजनमध्ये जायचा. पहिला आलात तर वर, दुसरे आलात तर पुन्हा तिथेच. आर्गाइल 1921-22 पासून सलग सहा वर्षं दुसरं आलं. सहा! आमच्या कोल्हापूरच्या पेठेत एखादी तालीम (तिथे फुटबॉल संघालाही तालीमच म्हणतात) अशी हरली असती तर तिसऱ्या वर्षी कोच बदलला असता आणि चौथ्या वर्षी देव. लेस्ली या सहाही वर्षांत तिथे होता. शेवटी 1930 मध्ये संघ वर गेला, तेव्हाही होता. लंडनच्या कॅनिंग टाऊनमध्ये 1901 साली जन्मलेला, वडील जमैकाचे, आई इंग्लिश. बार्किंगकडून खेळताना 1921 मध्ये मॅनेजर बॉब जॅकने त्याला इकडे आणलं. सुमारे 400 सामने आणि 130 हून जास्त गोल. डावीकडे त्याची जोडी सॅमी ब्लॅकशी. नाव ब्लॅक, माणूस स्कॉटलंडचा गोरा. या दोघांनी बचावपटूंचे जे हाल केले, त्याच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून सांगतात, अर्थात त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या.

आता मामांचा मुद्दा उलटा करून बघा. इंग्लंडचा संघ तेव्हा मॅनेजर नव्हे, फुटबॉल असोसिएशनची समिती निवडायची. तिसऱ्या डिव्हिजनकडे ती सहसा ढुंकूनही बघत नसे. तिथला खेळाडू तिच्या यादीत येतो म्हणजे तो डोळ्यांत भरण्याइतका चांगला असणार. चांगला नव्हता, तर मुळात नाव आलंच कसं?

नाव आलं होतं, हे वर्तमानपत्रांत छापलेलं आहे. बॉब जॅकने त्याला ऑफिसात बोलावून बातमी दिली, सगळ्या गावाला आनंद झाला. मग एकदम सामसूम. बेलफास्टमध्ये आयर्लंडविरुद्ध त्याच्या जागी अ‍ॅस्टन व्हिलाचा बिली वॉकर खेळला. कारण कोणी सांगितलं नाही. लेस्लीने म्हातारपणी सांगितलं ते असं: असोसिएशनची माणसं पुन्हा एकदा बघायला आली होती, पण खेळ नव्हे, चेहरा. वडिलांबद्दल कळलं आणि संपलं.

24 ऑक्टोबर 1925. बेलफास्टमध्ये इंग्लंडचा सामना 0-0 सुटला. त्याच दिवशी आर्गाइलने बोर्नमथला 7-2 हरवलं, त्यातले दोन गोल लेस्लीचे. हे सांगितल्यावर मामा हसले. मला मात्र त्यात हसू येत नाही, कारण त्यानंतर तो आणखी नऊ वर्षं दर शनिवारी मैदानात उतरत राहिला, आणि त्याला परत बोलावणं आलंच नाही.

तेव्हा चामड्याचा चेंडू वादीने शिवलेला असायचा. पावसात भिजला की दगड, आणि वादीची गाठ कपाळाला लागली तर रक्त. लेस्लीच्या डोळ्याला ती वादी लागली. नजर अधू झाली आणि 1930 च्या दशकाच्या मध्यावर खेळ थांबला. मग लंडनला परतून बॉयलर बनवणाऱ्या कारागिराचं काम.

पुढचा भाग मी पाहुण्यांना सांगायचा टाळतो, कारण माझाच आवाज बदलतो. साठी उलटल्यावर तो लंडनच्या वेस्ट हॅम क्लबकडे काम मागायला गेला आणि बूट सांभाळायच्या खोलीत लागला. बॉबी मूर, जेफ हर्स्ट, नंतर बर्म्युडाचा क्लाइड बेस्ट, सगळ्यांचे बूट त्याने साफ केले. मीही लहानपणी तालमीत थोरल्यांचे बूट धुतलेत. तांबडी माती स्टडच्या बुडाशी घट्ट बसते, ती काटकीने उकरायची, मग जुन्या ब्रशने घासायचं, आत रद्दी कोंबायची आणि सावलीत ठेवायचं, उन्हात चामडं तडकतं. चौदाव्या वर्षी मला ते मानाचं काम वाटायचं. इंग्लंडची कॅप, म्हणजे देशाकडून खेळल्याच्या मानाची टोपी, मिळालेल्यांचे बूट तो साठीनंतर घासत होता, तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे मला ठाऊक नाही. कटुता दाखवायचा नाही, एवढं त्याला ओळखणारे सांगतात.

1978 मध्ये व्हिव अँडरसन इंग्लंडच्या वरिष्ठ पुरुष संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, तेव्हा लेस्ली 77 वर्षांचा होता. 1988 मध्ये तो गेला. पुतळ्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तो उभा राहिला. मार्च 2023 मध्ये वेम्बलीवर, इंग्लंड-युक्रेन सामन्याच्या दिवशी, त्याच्या नातींना मानाची कॅप दिली. ती देताना असोसिएशनने स्वतःच याला ऐतिहासिक अन्याय म्हटलं.

हे सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "मग आधीच सांगायचंस ना."

मी आधी सांगत नाही. आधी सहा वेळा दुसरं आलेलं आर्गाइल सांगतो, मग 7-2.