निपचित पडून जगणारे

चित्ता हरणामागे सुटतो तो प्रसंग पडद्यावर दोन-तीन मिनिटं चालतो, कारण तो संथ गतीत दाखवलेला असतो. खरी धाव मिनिटभरही टिकत नाही. धाव संपली की चित्ता बराच वेळ धापा टाकत नुसता बसतो. सिंहाचे तर दिवसाचे अठरा-वीस तास लोळण्यात जातात. एवढं लोळणं कोण बघणार? म्हणून वन्यजीवांच्या माहितीपटांत पळणारे, झडप घालणारे, शिंगाला शिंग लावणारे प्राणी भरपूर दिसतात आणि थांबलेले प्राणी फार थोडे. गंमत अशी, की हवामान जितकं कठीण तितकं थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि नीट थांबायला जबर तयारी लागते.

उत्तर अमेरिकेतला वूड फ्रॉग घ्या. जेमतेम अंगठ्याएवढा बेडूक, अलास्कापर्यंत सापडतो. थंडीत तो ना तळ्याच्या तळाशी जातो, ना खोल बीळ खणतो. जंगलातल्या पाचोळ्याखाली उथळ खळग्यात बसतो आणि वरून बर्फाची गोधडी पडायची वाट बघतो. पाचोळ्यातला बर्फाचा कण ओल्या कातडीला टेकला की बेडूक गोठायला लागतो. तेवढ्या इशाऱ्यावर काही मिनिटांत यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून साखर रक्तात ओतायला लागतं, आणि हृदय चालू आहे तोवर ती साखर अवयवांपर्यंत पोचते. हृदय थांबलं की पुरवठा बंद. म्हणजे सगळी शर्यत या काही तासांत आहे.

साखर कशाला? बर्फ पेशींच्या बाहेर होतो, कातडीखाली आणि पोटाच्या पोकळीत. बाहेर बर्फ झाला की तो पेशीतलं पाणी बाहेर खेचतो आणि पेशी सुरकुतत जाते. आत साखर दाट असेल तर ती उरलेलं पाणी धरून ठेवते. घट्ट पाक फ्रीजरमध्ये ठेवला तरी त्याचा दगड होत नाही, तसंच काहीसं. अंगातलं साठ-पासष्ट टक्के पाणी गोठलं तरी बेडूक वाचतो. पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक झाले तर मात्र पेशी फाटते आणि खेळ संपतो.

प्रयोगशाळेत हे बेडूक उणे सहा-सात अंशांच्या खाली फारसे टिकत नसत, तेही काही आठवडेच. मग अलास्कात ते कसे जगतात, हे कोडंच होतं. फेअरबँक्सच्या परिसरात बेडकांना त्यांच्याच जागी ठेवून मोजमाप झालं, ते 2014 साली प्रसिद्ध झालं. सरासरी 193 दिवस ते सलग गोठलेले होते, तापमान उणे 18 पर्यंत उतरलं होतं, आणि सगळेच्या सगळे जिवंत निघाले. उत्तर शरद ऋतूत होतं. तिथे हिवाळा एकदम येत नाही. रात्री गोठायचं, दुपारी वितळायचं, असं दहा-पंधरा वेळा होतं. दर गोठण्याला यकृत आणखी साखर ओततं, आणि वितळल्यावर ती सगळी परत जमा होत नाही. हप्त्याहप्त्याने पाक दाट होत जातो. प्रयोगशाळेत बेडकाला एका फटक्यात गोठवलं जायचं, त्यामुळे त्याला ही सवडच मिळत नव्हती. यावरून धोकाही कळतो: वरून बर्फ पडायच्या आत कडाक्याची थंडी अचानक आली, तर गोधडीही नाही आणि पाकही पातळ.

माहितीपटात हा बेडूक वीस सेकंदांत डोळे उघडून उडी मारतो. प्रत्यक्षात त्याला तास न् तास लागतात. साखर सर्वांत दाट असते हृदय आणि यकृतात, म्हणून आतले अवयव आधी सुटतात. पाय अजून लाकडासारखे असताना हृदयाचा पहिला ठोका पडून गेलेला असतो. पुढच्या वेळी असं दृश्य लागलं तर उडीपेक्षा घशाखालची कातडी बघा. ती हलायला लागली की श्वास सुरू झाला. असली दृश्यं बहुतेक थंड पेटीत काचेमागे घेतलेली असतात. त्याला फसवणूक म्हणायचं कारण नाही, पाचोळ्याखाली कॅमेरा बघणार तरी काय.

दक्षिण टोकाचा एम्परर पेंग्विन गोठत नाही. तो उभा राहतो. मे-जूनमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, मादी एकच अंडं घालते, साधारण साडेचारशे ग्रॅमचं. घरटं नसतं, कारण पायाखाली गोठलेला समुद्र. मादी ते अंडं नराच्या पावलांवर सरकवते आणि नर पोटाखालच्या कातडीच्या घडीत ते झाकून घेतो. ही देवाणघेवाण बघताना श्वास रोखून धरावा अशीच असते: अंडं बर्फावर घरंगळलं आणि लगेच सावरता आलं नाही, तर काही मिनिटांत आतला जीव जातो. नवख्या जोड्यांची अंडी अशीच वाया जाण्याचा धोका मोठा.

मादी समुद्राकडे निघून जाते. नर सुमारे 65 दिवस अंडं पावलांवर घेऊन उभा असतो. वसाहतीत आल्यापासून मादी परतेपर्यंतचे सगळे दिवस धरले तर उपास पावणेचार-चार महिन्यांचा होतो. सुरुवातीला अडतीस-चाळीस किलोचा नर चाळीस टक्क्यांच्या आसपास वजन घालवतो. आधी चरबी जळते, प्रथिनांना शरीर जवळजवळ हात लावत नाही. चरबी संपत आली की स्नायू जळायला लागतात, आणि तोच निघण्याचा इशारा. मादी आली नसेल तरी नर अंडं किंवा पिल्लू टाकून समुद्राची वाट धरतो. निवेदक इथे हमखास आवाज जड करतो. पण समुद्रापर्यंत चालत जाण्याएवढे स्नायू शिल्लक असतानाच निघावं लागतं, नाहीतर पिल्लाबरोबर बापही जातो. मादीला थोडा उशीर झाला तर मात्र नराकडे एक शिदोरी असते: अन्ननलिकेत तयार होणारा दह्यासारखा स्राव. त्यावर पिल्लू आठ-दहा दिवस निघतं.

आता हे नर थंडीत ज्या घोळक्यात उभे असतात, त्याबद्दल. एका चौरस मीटरमध्ये आठ-दहा पक्षी दाटीवाटीने उभे. 'पेंग्विन पाळीपाळीने एकमेकांना आत घेतात' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटतं. तिथे रांग लावून कुणी जागा सोडत नाही. वाऱ्याचा मार खाणारा पक्षी कडेकडेने चालत आडोशाच्या बाजूला जाऊन चिकटतो. त्याच्यामागून दुसरा तेच करतो. परिणामी कालचा आडोसा आज मध्य होतो आणि मध्य वाऱ्यावर येतो. शिवाय दर अर्ध्या-एक मिनिटाला सगळा घोळका पाच-दहा सेंटिमीटर हलतो. एकाने पाऊल टाकलं की शेजाऱ्याने, आणि ती लाट पार टोकापर्यंत जाते. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही, टाइमलॅप्समध्ये स्पष्ट दिसतं. अंडं पावलांवर असल्याने पाऊल उचलायचं नाही, घासत सरकायचं.

आतलं तापमान कधीकधी 37 अंशांपर्यंत चढतं. म्हणजे ज्या पक्ष्यासाठी आपण हळहळत असतो, त्याला घोळक्याच्या मध्यात उकडत असतं! म्हणूनच घट्ट घोळका साधारण दोन तासांच्या आत फुटतो, वाफ निघते, पक्षी पांगतात, पुन्हा जमतात. ही वाफ दाखवणारं चित्रीकरण मिळालं तर ते सोडू नका.

या उभं राहण्याची एक अट आहे, ती म्हणजे पायाखालचा बर्फ डिसेंबरपर्यंत टिकला पाहिजे. तोवर पिल्लांच्या अंगावर लव असते, पाणी न शिरणारी पिसं आलेली नसतात. 2022 साली अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाच वसाहतींपैकी चार ठिकाणचा बर्फ त्याआधीच फुटला आणि तिथलं त्या वर्षीचं एकही पिल्लू वाचलं नसावं, असं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून दिसलं. नरांनी काही चूक केलेली नव्हती.

आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटातला ओनिमॅक्रिस नावाचा काळा भुंगेरा पाण्यासाठी थांबतो. धुकं आलेल्या पहाटे तो वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो, डोकं खाली आणि पाठ वर अशा कोनात उभा राहतो. पाठीवर धुकं साचतं, थेंब ओघळत तोंडाशी येतात. नशीब असेल तर वजनाच्या एक तृतीयांश पाणी एका पहाटेत पोटात जातं. इथे एक दुरुस्ती हवी. पाठीवर उंचवटे असलेल्या दुसऱ्याच एका भुंगेऱ्याची पाठ 2001 पासून प्रसिद्ध झाली आणि त्या नमुन्यावर पाणी जमवणारे कृत्रिम पृष्ठभाग बनवायची चढाओढ लागली. 2010 साली चार जातींची तुलना झाली तेव्हा दिसलं, की पाठीपाठींत म्हणावा तसा फरक नाही. फरक आहे तो शीर्षासनात, आणि ते करतो ओनिमॅक्रिस. उंचवट्यांवाला धुक्यात तसा उभाच राहत नाही. तरी काही माहितीपटांत अजून उंचवटेच दाखवतात. दिसायला देखणे आहेत, एवढंच.

आफ्रिकेतला लंगफिश, म्हणजे फुप्फुस असलेला मासा, दुष्काळात थांबतो. पाणी आटायला लागलं की तो तोंडाने चिखल घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकत खाली खणत जातो. तळाशी उलटा वळतो, शेपूट तोंडाजवळ घेऊन मुटकुळं करतो आणि अंगातून चिकट स्राव सोडतो. तो वाळला की कागदासारखं वेष्टण तयार होतं, त्याला एकच भोक, तोंडापाशी. श्वास फुप्फुसाने. खरी अडचण अन्नाची नसतेच, स्नायू जिरवून काम भागतं. अडचण मलमूत्राची असते. एरवी मासे अमोनिया पाण्यात सोडून मोकळे होतात. बंद वेष्टणात तोच अमोनिया विष ठरेल. म्हणून लंगफिश अमोनियाचं युरियात रूपांतर करतो आणि ते अंगात साठवून ठेवतो. निसर्गात असे काही महिने जातात, प्रयोगशाळेत चार वर्षांपर्यंत गेले आहेत. उठवणारा गजर साधाच आहे: पावसाचं पाणी त्या एकुलत्या भोकात शिरतं आणि मासा गुदमरायला लागतो.

हाच प्रकार सह्याद्रीत आणि कोकणात दर उन्हाळ्यात पायाखाली चालू असतो, फक्त कॅमेरा तिथे क्वचित पोचतो. खेकडे ओलाव्यापर्यंत बीळ नेऊन आत बसलेले असतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना समुद्री खेकड्यांसारखी पाण्यात वाहणारी अळी नसते. अंड्यातून थेट इवलासा खेकडा निघतो आणि काही काळ आईच्या पोटाखालच्या घडीत राहतो. मिरगाच्या पहिल्या सरींत बत्त्या घेऊन खेकडे धरायला जाणाऱ्यांनी म्हणूनच मादी उलटी करून बघावी आणि पोटाखाली पिल्लं वळवळत असतील तर सोडून द्यावी.

त्याच रात्री बिळात राहणारे बेडूक वर येतात. त्यांच्या मागच्या पावलांना फावड्यासारखा टणक उंचवटा असतो. त्याने माती दोन्हीकडे सारत ते पाठमोरे जमिनीत उतरतात, त्यामुळे बसल्या जागी बुडाल्यासारखे दिसतात. वर आल्यावर त्यांना सवड नसते. अंडी घालायची ती शेतातल्या, वाटेवरच्या साचलेल्या पाण्यात. तिथे मोठे मासे नसतात, म्हणून जागा बरी. पण पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की डबकं आकसायला लागतं आणि कडेच्या चिखलात बेडकांची शेपटीवाली पिल्लं काळी पडून राहतात. डबकं आटायच्या आत ज्यांना पाय फुटले ती बाहेर पडतात, आणि लगेच पुन्हा ओली माती शोधायला लागतात.