खाणीतलं पाणी

पहाटे साडेतीनला राखणदाराचा फोन आला. "मॅडम, मुझियमात पानी शिरलंय." मी राजापुरात लॉजवर होते. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहिला विचार आला तो छताचाच. त्या छतावरून वर्षभर मी दिसेल त्याच्याशी भांडले होते.

संग्रहालय तसं लहानच. दोन दालनं आणि एक पडवी, कातळशिल्पांची, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेल्या चित्रांची, ओळख करून देणारं. 2022 साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि आमच्या सड्यावरही, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरही, गाड्या येऊ लागल्या. आलेली माणसं चित्रावरच बूट घालून उभी राहतात. त्यांना तरी दोष काय द्यायचा? कशेळीला कातळावर कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. पायाशी बघितलं तर नुसत्या रेघा. आधी कुणीतरी समजावून सांगायला हवं, म्हणून गावच्या संस्थेला इमारत हवी होती, आणि ती सड्यावर, शिल्पांना लागूनच हवी होती.

मी त्यांची आर्किटेक्ट. मी नाही म्हटलं. सडा लांबून ओसाड दिसतो, उन्हाळ्यात तर तव्यासारखा. पण पहिल्या पावसात तिथे दिपकाडी फुलते, पुढे गेंद आणि सीतेची आसवं येतात. चार बोटं मातीवर सगळा संसार. त्यावर जोतं घातलं की पाणी वाट बदलणार, आणि त्या पाण्यावर खालच्या वाडीच्या विहिरी आहेत. शेवटी सड्याच्या कडेला पडून असलेली चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची, जुनी खाण धरली. तीन बाजूंना उभा कापलेला जांभा, चौथी बाजू उताराला मोकळी. खाणीत इमारत बसवायची आणि छत सड्याच्या पातळीला आणून वर तिथलीच माती पसरायची. ठेकेदाराला वर लॉन हवं होतं. संस्थेच्या अध्यक्षांचं दुखणं निराळं: "इमारत दिसणारच नसेल तर लोकांना कळणार कसं? रस्त्याला कमान तरी द्या."

माझ्या डोक्यात अर्थातच जपानमधल्या नाओशिमा बेटावरचं चिचू म्युझियम होतं. आर्किटेक्ट तादाओ आंदोंनी 2004 साली ते अख्खं टेकडीच्या पोटात घातलं. वरून फक्त चौकांचे चौकोन आणि त्रिकोण दिसतात, आणि चित्रकार मोनेची कमळं आत दिवसाच्या उजेडात बघायची. नकाशे काढताना त्याचे फोटो भिंतीवर लावले होते. सेतो समुद्राच्या बाजूला पाऊस जपानच्या मानाने कमीच पडतो आणि रत्नागिरीत चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या वर जातो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी सगळा हिशोब वरून पडणाऱ्या पाण्याचा केला, इतकंच.

पोचले तेव्हा उजाडत होतं. छतातून एक थेंबही गळत नव्हता. पाचेक मिनिटं मी त्याच आनंदात होते, मग मागच्या दालनात गेले. घोटाभर पाणी. भिंत गुडघ्याच्या उंचीवर, दोरी लावल्यासारख्या सरळ रेषेत, पाझरत होती. एका ठिकाणी गिलाव्याला फुगा येऊन तो फुटला होता आणि त्यातून बोटाएवढी धार सुरू होती. फोटो अजून टांगले नव्हते हे नशीब. लाकडी पेट्या तेवढ्या भिजल्या.

ठेकेदाराचं उत्तर तयार होतं. भोकं पाडू, दाबाने केमिकल भरू, तोवर पंप लावू. मीही हो म्हणणार होते. तेवढ्यात इरलं पांघरलेले एक आजोबा पडवीत येऊन उभे राहिले. तरुणपणी ह्याच खाणीवर टिकाव चालवलेला माणूस. भिंत बघून ते चक्क हसले.

"बाय, खान हाय ती. पानी येनारच. आमची पोरं हितंच पवाय शिकली."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून खाली उतरतं. त्याखाली शेडी, चिकण पांढुरकी माती. ती पाणी पुढे जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सुटतं आणि मिळेल तिथे बाहेर येतं. खाणकामगाराला शेडी लागली की खाण थांबते, कारण खाली चिरा नाही. म्हणजे माझ्या इमारतीची फरशी बरोबर झऱ्याच्या तोंडाशी टेकली होती, आणि मागची भिंत मी कातळाला चिकटवून वर वॉटरप्रूफिंगचा लेप चढवला होता. बाटलीला बूच मारावं तसा.

"चर खंय गेली?" आजोबांनी विचारलं. उताराच्या बाजूला खाणवाल्यांनी पाणी काढायला हातभर रुंद चर कापली होती. ती दगडगोट्यांनी भरून त्यावर ट्रकचा उतार केला होता. ठेकेदाराने माझ्याकडे बघितलं. नकाशात उतार तिथे मीच काढला होता. जागेची पाहणी फेब्रुवारीत केली, तेव्हा चर कोरडी होती आणि मला ती जेसीबीची खूण वाटली होती.

दुपारपर्यंत चर उकरली. दालनातलं पाणी तासाभरात उतरलं. रेघ मात्र पाझरतच राहिली.

पाऊस संपल्यावर मागची भिंत पाडली आणि तीन फूट आत घेतली. दालन लहान झालं, दोन पेट्या कमी बसल्या. कातळ आणि भिंत यांच्यामध्ये उघडा पाट काढून तो चरीला जोडला, भिंतीत चिऱ्यांची जाळी ठेवली. खर्च वाढला, त्याचा वाटा मी माझ्या फीमधून सोसला; ते न्याय्यच होतं. अध्यक्ष म्हणाले, "गळणारी भिंत पैसे देऊन बघायला कोण येणार?" पुढच्या जुलैत शाळेची सहल आली तेव्हा पोरं शिल्पांच्या फोटोंपेक्षा त्या जाळीपाशीच जास्त घुटमळली. कातळ ठिबकत होता, त्यावर टिकावाचे तिरपे घाव ओले होऊन चमकत होते. हे घाव कोणाचे, असं एका मुलीने विचारलं. आजोबा पडवीतच बसले होते.

बुरशीची काळजी आहेच. पाट असताना हवा ओलसर राहणार, म्हणून समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोके वाढवले आणि कागदी फोटो दुसऱ्या दालनात नेले. ठेकेदाराने हट्टाने छताच्या एका कोपऱ्यात लॉन लावलं होतं, ते मार्चमध्ये जळून गेलं. जूनमध्ये त्याच जागी दिपकाडीचे तीन तुरे आले, कुणी न लावता.

कमानीचा ठराव मात्र मंजूर झाला आहे. फायबरची, बावीस फूट उंच, वर हत्ती.