हळू बोल

रविवार, रात्री उशिरा

आज मी आईला गप्प केलं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये, वरच्या मजल्यावर, चार परक्या माणसांसमोर.

झालं काहीच नव्हतं. तिथे तऱ्हेतऱ्हेच्या पगड्यांची मातीची डोकी आहेत ना, त्या कपाटापाशी ती थबकली. काचेला नाक लावून एकेक न्याहाळत होती. मग चाळीच्या या टोकावरून त्या टोकाला जाणाऱ्या आवाजात, "अगं, यातली आपली कुठली?" शेजारची दोन पोरं हसली. वाईट नाही हसली, आता वाटतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, हळू."

लगेच गप्प झाली. तेच लागतंय. चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. काचेवर तिची बोटं उमटली होती, ती तिने पदराने पुसली. तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली. घरच्या आरशासारखी.

मग मीच सुटले. 1872 साली उघडलं, 1975 मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं, पडझड झालेली इमारत दुरुस्त करून 2008 मध्ये पुन्हा खुली केली, युनेस्कोचं बक्षीस मिळालं. हा हिरवा रंग बघ, ही सोनेरी वेलबुट्टी बघ, खाली संगमरवरी प्रिन्स अल्बर्ट बघ. ती सगळं बघत होती, हं हं करत. एवढंच म्हणाली, "आम्ही यायचो तेव्हा धूळ असायची. राणीच्या बागेत माकडं बघून झाली की अण्णा इथे सावलीला आणायचे."

आणि माझं तरी काय चुकलं? सुट्टीच्या दिवशी टॅक्सी करून नेलं कोणी? दादाने? जाऊ दे, तो विषय नको.

पण "हळू" हा शब्द माझा नाही. ऑफिसात उचललाय. तिथे मी लालबागची असून "परळजवळ" राहते. म्युझियम महापालिकेचं, म्हणजे सरळ हिशेबाने आईचंच, आणि तिथे तिला शिस्त लावणारी मी कोण?

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. उचलताना पडून फुटलेला, 1914 साली तुकडे जोडून उभा केलेला. हे मी सांगणार, तेवढ्यात तिने दहा पावलांवरच्या वॉचमनला हाक मारली, "अहो भाऊ, बाथरूम कुठाय हो?" सगळी बाग वळून बघायला लागली. मी हत्तीचे सांधे मोजत उभी.

येताना भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. टॅक्सीत तिने सोलून माझ्या हातावर ठेवल्या. बोललो नाही फारसं.

आत्ता आडवी झाल्यावर आठवलं, अण्णा पगडी घालायचेच नाहीत. काळी टोपी. टोपीवालं डोकं होतं का त्या कपाटात? मी बघितलंच नाही, पोरांकडे बघत होते. बुधवारी बंद असतं. गुरुवारी हाफ डे मिळतोय का विचारते.